तिकीट खरं की खोटं, हे दारावर ठरतं

नवरात्र आठ-पंधरा दिवसांवर आलं की पेण आणि रोह्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पासचे फोटो फिरायला लागतात. गरब्याचे सीझन पास, ऑर्केस्ट्राच्या देणगी प्रवेशिका, मुंबईहून येणाऱ्या नाटकाची तिकिटं, पुढे दिवाळी पहाट. फोटोखाली एक मोबाइल नंबर, एक क्यूआर आणि ‘पैसे भरून स्क्रीनशॉट पाठवा’ ही सूचना. तालुक्याच्या गावात ऑनलाइन तिकीटविक्री बऱ्याचदा एवढ्यावरच चालते. मुंबई-पुण्यात त्यासाठी बुकमायशो आहे, डिस्ट्रिक्ट आहे, नाटकांसाठी प्रशांत दामले यांच्या पुढाकाराने आलेलं तिकिटालय आहे. साधनं वेगळी असली तरी आयोजकाची झोप उडवणारे प्रश्न दोन्हीकडे तेच. एकच तिकीट घेऊन दोघं आले तर काय? पैसे न भरलेला आत आणि भरलेला बाहेर राहिला तर काय? आपल्याच कार्यक्रमाच्या नावाने भलताच कुणी तिकिटं विकत असेल तर काय? गेल्या काही वर्षांत तंत्रज्ञ, पोलीस, न्यायालयं आणि परदेशी सरकारं या सगळ्यांनी यावर बरंच काही करून पाहिलं. त्यातलं आपल्या पेण-रोह्याच्या आयोजकाला आणि प्रेक्षकाला काय कामाचं आहे, हे पाहण्यासाठी हा आढावा.

गावात येणारं नाटक बहुधा कंत्राटी प्रयोग म्हणून येतं. स्थानिक मंडळ ठरलेली रक्कम देऊन प्रयोग घेतं आणि तिकिटं स्वतःच्या जबाबदारीवर खपवतं. पूर्वी बुकिंगच्या टेबलावर सभागृहाचा प्लॅन पसरलेला असायचा. खुर्ची विकली की त्या चौकोनावर पेन्सिलीची फुली, तिकिटावर रांग आणि क्रमांक, स्थळप्रत पुस्तकात. प्लॅन एकच आणि तोही एकाच माणसाच्या हातात असेल तोवर एक खुर्ची दोनदा विकली जाण्याची भीती नसे. घोळ व्हायचा तो प्लॅनच्या दोन प्रती झाल्या की. एक बाजारपेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानात, दुसरी मंडळाच्या चिटणीसाकडे. दोघांनीही ‘जी-12’ विकलेली निघायची आणि पडदा वर जाण्याआधी दोन कुटुंबं एका खुर्चीपाशी उभी राहायची. जाणत्या मंडळांनी यावर रांगाच वाटून घेतल्या: ए ते एफ दुकानात, जी ते एल चिटणीसाकडे.

संगणकाने हाच प्लॅन पुन्हा एका जागी आणला. चांगल्या यंत्रणेत तुम्ही खुर्ची निवडली की ती काही मिनिटं तुमच्यासाठी धरून ठेवली जाते. तेवढ्या वेळात पैसे आले तर विकली, नाही आले तर पुन्हा मोकळी. खुर्ची मोकळी आहे का हे पाहणं आणि ती तुमच्या नावावर टाकणं या दोन्ही गोष्टी डेटाबेसमध्ये एकाच झटक्यात व्हाव्या लागतात. मध्ये अर्ध्या सेकंदाची फट राहिली तरी दुसरं गिऱ्हाईक त्यात शिरतं. गूगल फॉर्मला हे जमत नाही. तो कुठलीही खुर्ची राखून ठेवत नाही, फक्त आलेली माहिती खाली खाली लिहीत जातो. म्हणून फॉर्मवर नंबरच्या खुर्च्या विकू नयेत. भारतीय बैठकीचा कार्यक्रम असेल, पन्नास जागा हातच्या राखल्या असतील आणि आकडा गाठताच फॉर्म बंद करणारा कुणी जबाबदार माणूस असेल, तरच तो वापरावा.

फसवणुकीची पहिली मोठी फट पैशाच्या वाटेवर आहे, आणि छोट्या आयोजकाचं सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं, असं माझं मत आहे. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हे एक चित्र असतं. ते फोटो संपादनाच्या कुठल्याही ॲपवर बदलता येतं. फोनपे किंवा गूगल पेसारखा हुबेहूब पडदा दाखवणारी बनावट ॲपही फिरत असतात. हवं ते नाव आणि हवी ती रक्कम टाकली की हिरवी टिकली आणि ‘पेमेंट सक्सेसफुल’. दुकानदारांना याचा इतका त्रास झाला की रक्कम मोठ्याने बोलून दाखवणारा साउंडबॉक्स गल्लीगल्लीतल्या किराणा दुकानापर्यंत पोचला. तिकीट विकणाऱ्या मंडळाकडे मात्र पैसे येतात रात्री अकराला, कुणी झोपेत असताना, आणि सकाळी घाईघाईत चाळीस स्क्रीनशॉटना चाळीस पास पाठवले जातात.

उपाय फुकट आहे, फक्त चिकाटीचा आहे. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी यूटीआर क्रमांक असतो. पास मागणाऱ्याने तो क्रमांक लिहून द्यायचा, आणि खजिनदाराने तो बँकेच्या स्टेटमेंटमध्ये सापडल्यावरच पास सोडायचा. एक यूटीआर, एक नोंद. तोच क्रमांक दुसऱ्यांदा टाकला तर तक्त्यात आपोआप लाल व्हावा ही सोय एक्सेल शिकलेला कुठलाही विद्यार्थी करून देतो. पैसे मंडळाच्या खात्यात यावेत, कार्यकर्त्याच्या खासगी खात्यात नव्हे. छापील पोस्टरवरच्या क्यूआरवर दुसऱ्याचं स्टिकर चिकटवलं गेलं नाही ना, हे रोज एकाने पाहावं. पैसे परत करायची वेळ आली तर तेही मूळ खात्यातच. ‘परताव्यासाठी ही रिक्वेस्ट मंजूर करा’ असा निरोप कुणालाही आला तर तो फसवणुकीचा समजावा. याच तऱ्हेच्या फसवणुकीपायी माणसामाणसांतल्या यूपीआय ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ ऑक्टोबर 2025 पासून बंद करण्यात आल्या. मोठ्या यंत्रणांत ही पडताळणी बँकेकडून थेट येणाऱ्या संदेशावर होते, गिऱ्हाइकाच्या पडद्यावर नाही. छोट्या मंडळाने तेच काम हाताने करायचं.

आता खुद्द तिकीट. क्यूआर कोड 1994 मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि सहकाऱ्यांनी मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी बनवला. तो माहिती झटकन वाचता यावी म्हणून आहे, लपवण्यासाठी किंवा नक्कल रोखण्यासाठी नाही. क्यूआरचा फोटो, फोटोचा फोटो, झेरॉक्स, सगळे सारखेच वाचले जातात. तरीही पासवर क्यूआर छापला म्हणजे तो सुरक्षित झाला, ही समजूत आयोजकांत घट्ट बसलेली आहे.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं रोह्याशी घरचं नातं. त्यांच्या नावाचं शहर सभागृह रोह्यात आहे, म्हणून उदाहरणही त्यांच्याच प्रांतातलं घेतो. नोट ज्याच्या हातात त्याची. म्हणून तिच्या कागदात जलचिन्ह आणि धागा घालून ती नक्कल करायला अवघड करावी लागते. बँकेतल्या शिलकीचं तसं नसतं. पासबुकाची कितीही झेरॉक्स काढली तरी शिल्लक दुप्पट होत नाही, कारण खरी नोंद बँकेच्या वहीत असते. जुनं छापील तिकीट नोटेच्या जातीचं होतं, ऑनलाइन तिकीट पासबुकाच्या जातीचं आहे. आपले आयोजक अजून होलोग्रामवर, चकचकीत कागदावर आणि रंगीत डिझाइनवर खर्च करतात. ऑक्टोबर 2023 मध्ये बोरिवलीच्या एका गरब्याचे सुमारे हजार बनावट पास पोलिसांनी पकडले, त्यांसोबत होलोग्रामही होते. पकडलेल्यांत एक ग्राफिक डिझायनर होता आणि ‘फर्जी’ या वेब मालिकेवरून कल्पना सुचल्याचं तपासात पुढे आलं. जे एक डिझायनर करू शकतो ते दुसरा डिझायनरही करू शकतो. मध्य रेल्वेच्या एसी लोकलमध्ये मोबाइलवर बनावट पास दाखवणारे प्रवासी 2025 मध्ये सापडले, तेव्हाही पडद्यावरचं चित्र डोळ्यांना खरं वाटेल असंच होतं. पासचा क्रमांक रेल्वेच्या यंत्रणेत शोधल्यावरच खोटेपणा बाहेर पडतो.

म्हणून तिकिटावर हवा तो फक्त एक क्रमांक, ज्याचा अंदाज कुणाला बांधता येणार नाही. ‘पेण-001, पेण-002’ अशी मालिका लावली तर एक तिकीट पाहणारा पुढची शंभर स्वतःच तयार करतो. त्याऐवजी गोंधळ होणारी अक्षरं वगळून 32 रोमन अक्षरं-आकडे घ्यावेत आणि त्यांतून यादृच्छिक दहा निवडावेत. असे सुमारे 1,125 लाख कोटी वेगवेगळे क्रमांक होऊ शकतात. त्यातले तुमचे आठशे कोणते, हे कुणाच्या बापाला सांगता येणार नाही. असे क्रमांक आणि त्यांचे क्यूआर बनवून देणारी मोफत साधनं आहेत, त्यासाठी कंपनी नेमायची गरज नाही.

अंदाज बांधता आला नाही तरी नक्कल उरतेच. खऱ्या तिकिटाचा फोटो मित्राला गेला, मित्राने पुढे विकला, किंवा हौसेने स्टेटसला लावला. ऑस्ट्रेलियात 2015 च्या मेलबर्न कप या घोड्यांच्या शर्यतीला एका बाईने जिंकलेल्या पैजेचं तिकीट हातात धरून सेल्फी टाकला. कुणीतरी त्यातल्या बारकोडवरून तिचे पैसे आधीच काढून नेले. नाटकाच्या तिकिटाचंही तेच होऊ शकतं. आपल्याकडे बहुतेकांना हा धोका ठाऊक नसतो, म्हणून पास पाठवतानाच ‘क्यूआर दिसेल असा फोटो कुठेही टाकू नका’ ही एक ओळ त्यासोबत गेली पाहिजे.

या सगळ्याचा निकाल लागतो दारावर. नियम साधा: एक क्रमांक एकदाच आत. पहिल्यांदा वाचला की नोंदीत ‘वापरला’ म्हणून खूण पडते आणि दुसऱ्यांदा वाचताच फोनचा पडदा लाल होतो, शेजारी आधीच्या प्रवेशाची वेळ. कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते जवळून पाहा. कार्यक्रम नऊचा, लोक येतात पावणेनऊला. आठशे जण, एक दार, एक कार्यकर्ता. प्रत्येकामागे पाच सेकंद धरले तरी 4,000 सेकंद लागतात, म्हणजे सहासष्ट मिनिटं. पाच सेकंदांत तरी कुठे भागतं? कुणाचा पडदा अंधुक, कुणाचा पास बायकोच्या फोनवर आणि बायको मागे पार्किंगमध्ये, कुणाची बॅटरी गेलेली. आत वाजायला लागलं की रांगेतून आरडाओरड, आणि मग अध्यक्ष स्वतः येऊन म्हणतात, ‘सोडा रे सगळ्यांना!’ त्या एका वाक्यात महिनाभराची सगळी व्यवस्था संपते. चार फोन, चार रांगा ठेवल्या की तेच काम सतरा मिनिटांवर येतं. वेगळ्या टेबलावर अडचणीतल्यांना बाजूला घ्यायचं. तिथे यादी आणि यूटीआर घेऊन खजिनदार बसलेला. रांग कधीही अडता कामा नये. दारावरच्या शिस्तीवर जितका विचार करावा तितका थोडाच आहे.

दुसरी अडचण नेटवर्कची. एका मैदानात दोन-तीन हजार माणसं जमली की मोबाइल इंटरनेट रांगायला लागतं, मग सर्व्हरला विचारून तपासणारं ॲप अडकतं. यादी आधीच फोनमध्ये उतरवून ठेवता येते, पण मग चार फोन एकमेकांना काही सांगू शकत नाहीत. पहिल्या दारावर वापरलेला पास तिसऱ्या दारावर पुन्हा चालतो. एखाद्या टवाळाला हे कळायला एक संध्याकाळ पुरते. इथे जुन्या मंडळांनी रांगा वाटून घेतल्या होत्या तीच युक्ती कामाला येते. पासवरच दाराचा क्रमांक आणि रंग छापायचा, आणि त्या दाराच्या फोनमध्ये फक्त त्याच दाराचे क्रमांक. मग इंटरनेट गेलं तरी एक पास दोनदा चालत नाही. गरब्यात पाणी प्यायला बाहेर जाऊन परत येणारे पुष्कळ असतात, त्यांच्यासाठी रोज वेगळ्या रंगाचा मनगटी पट्टा.

अमेरिकेतल्या तिकीटमास्टरने 2019 पासून दर काही सेकंदांना बदलत जाणारा बारकोड आणला, म्हणजे स्क्रीनशॉट निरुपयोगी व्हावा. 2024 मध्ये एका तंत्रज्ञाने तो कसा चालतो ते उलगडून दाखवलं. तो महागडा मार्ग आपल्याला लागत नाही. एकदाच वापर आणि दार ठरलेलं, एवढं पाळलं तर नकलेचा प्रश्न मिटतो.

दारावरची नोंद आणखी एका कारणासाठी जपावी. मे 2022 मध्ये पॅरिसला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याआधी प्रवेशद्वारांवर चेंगराचेंगरीची वेळ आली. फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी तीस-चाळीस हजार प्रेक्षक बनावट तिकिटं घेऊन किंवा तिकिटाविना आल्याचं सांगितलं. दारावरच्या यंत्रांत प्रत्यक्ष नोंदली गेलेली बनावट तिकिटं निघाली 2,589. खरा दोष नियोजनाचा होता, तो नोंदीमुळे उघड झाला. बेंगळुरूत 4 जून 2025 रोजी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर आयपीएल विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरीत 11 जणांचा जीव गेला. तिथे बनावट पासचा प्रश्नच नव्हता, पास लागतो की नाही, किती आहेत, कुठे मिळतात हेच लोकांना स्पष्ट नव्हतं. गर्दीत माणसं मरतात, म्हणून आत किती जण आहेत हा आकडा कार्यक्रमाच्या प्रत्येक मिनिटाला कुणालातरी ठाऊक असला पाहिजे. हिशेबाच्या चोख नोंदीचा हा सर्वांत मोठा उपयोग मला वाटतो.

बाहेरच्या फसवणुकीवर सगळे बोलतात. आतल्या फसवणुकीवर कुणी बोलत नाही, आणि पेणच्या माणसाने तरी त्यावर बोललं पाहिजे. पेण अर्बन बँक 2010 मध्ये बुडाली. लाखाहून अधिक ठेवीदारांचे पैसे अडकले. पासबुकं खरी होती, शिक्के खरे होते, खोटी होती ती बँकेच्या वहीतली कर्जखाती. नोंद ठेवणाराच नोंद बिघडवतो तेव्हा बाहेरची कुठलीही तपासणी उपयोगी पडत नाही, हे या गावाने भोगलेलं आहे. तिकिटांच्या बाबतीत याचं रूप लहान असतं, पण असतं. सहाशेच्या सभागृहाला सातशे प्रवेशिका छापायच्या, कारण ‘सगळे थोडेच येतात’. कार्यकर्त्याने रोख घेऊन दिलेल्या तिकिटांची नोंदच नाही. मानार्थ पास मोजलेलेच नाहीत. प्रायोजकाला पन्नास ठरले आणि ऐनवेळी ऐंशी गेले. पैसे भरून आलेल्या कुटुंबाला जिन्यात उभं राहावं लागतं तेव्हा बहुधा बाहेरच्या कुणी बनावट पास छापलेले नसतात.

यावर तंत्रज्ञान थोडी मदत करतं. मानार्थ असो वा रोखीचं, प्रत्येक प्रवेशाला त्याच यादीतला क्रमांक हवा. यादी किमान तिघांना दिसावी, आणि कोणती नोंद कुणी कधी बदलली याचा माग राहावा. तक्त्याचा इतिहास मोफत साधनांतही दिसतो. विक्री संपल्यावर एकूण क्रमांक, जमा रक्कम आणि दारावरचे प्रवेश हे तीन आकडे मंडळाच्या फलकावर लावावेत. देणगी प्रवेशिका म्हणून घेतलेला पैसा लोकांचा आहे आणि त्याचा हिशेब मागण्याचा त्यांना हक्क आहे.

आयोजकाचा काहीच दोष नसताना त्याच्या नावावर होणारी फसवणूक वेगळी. त्याच 2023 च्या नवरात्रात बोरिवलीच्या फाल्गुनी पाठक यांच्या गरब्याचा 4,500 रुपयांचा पास 3,300 ला मिळवून देतो, असं सांगून दीडशेहून अधिक तरुणांकडून पाच लाखांवर रक्कम उकळल्याची तक्रार पोलिसांत झाली. इथे बनावट पासही नव्हता, पैसे घेणारा माणूसच गायब झाला. स्वस्तात, ओळखीतून, आजच्या आजच, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की थांबावं.

रोहा तालुक्यात अशा फसवणुकीला सर्वांत उघडं क्षेत्र म्हणजे कोलाडचं राफ्टिंग. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सकाळी पाणी सुटतं, त्यावर कुंडलिकेतला खेळ चालतो. किती राफ्ट आणि पाणी किती वेळ, यावर त्या दिवसाच्या जागा ठरतात, हव्या तेवढ्या वाढवता येत नाहीत. मुंबई-पुण्याचा पाहुणा मात्र इंटरनेटवर शोधतो तेव्हा त्याच्यासमोर वर जाहिराती येतात आणि खरा चालक कोण हे त्याला ओळखता येत नाही. मध्यस्थाने आगाऊ रक्कम घेतली आणि चालकाकडे नोंदच केली नाही, तर कळतं ते पहाटे निघून काठावर पोचल्यावर. तिथल्या सगळ्या अधिकृत चालकांची एकत्रित यादी, फोन नंबरांसह, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर असावी आणि बुकिंगचा क्रमांक थेट चालकाकडे पडताळता यावा. पर्यटनाच्या घोषणांपेक्षा हे लवकर होण्यासारखं आणि जास्त उपयोगाचं काम आहे.

काळाबाजार हा याहून कठीण प्रश्न. त्यात तिकीट अस्सल असतं, पैसे अस्सल असतात, फक्त भाव लुबाडणारा असतो. पेण-रोह्याच्या तरुणांना याचा अनुभव कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या कार्यक्रमांनी दिला. जानेवारी 2025 मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन कार्यक्रम होते आणि पेणहून ते अंतर तासा-दीड तासाचं. 22 सप्टेंबर 2024 ला बुकमायशोवर विक्री उघडली, रांगेत एक कोटीहून अधिक जण. 2,500 ते 35,000 रुपयांची तिकिटं काही वेळात परदेशी पुनर्विक्री संकेतस्थळांवर लाखांत दिसू लागली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने बुकमायशोच्या प्रमुखांना चौकशीला बोलावलं, ईडीने पाच राज्यांत छापे घातले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. जानेवारी 2025 मध्ये ती फेटाळताना न्यायालयाने म्हटलं की असा कायदा करणं हे विधिमंडळाचं काम आहे. ते काम अजून बाकी आहे.

एका क्षेत्रात मात्र कायदा आहे आणि त्याची धार आपल्या लोकांना माहीत आहे. रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. गणपतीला गावी जाणाऱ्यांच्या गाड्या आरक्षण उघडताच काही मिनिटांत भरतात आणि दलालांच्या नावाने दरवर्षी बोटं मोडली जातात. रेल्वे कायदा, 1989 च्या कलम 143 प्रमाणे परवान्याविना तिकिटांचा धंदा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ई-तिकिटांनाही हे कलम लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं. रेल्वेचं तिकीट नावावर असतं आणि ओळखपत्र लागतं, म्हणून त्याची नक्कल करून कुणी फारसं काही साधत नाही. तरी दलाल टिकले, कारण त्यांनी खोटी खाती काढून आधीच जागा अडवल्या. मग रेल्वेने नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण 120 दिवसांवरून 60 वर आणलं, संशयास्पद वाटलेली अडीच कोटी खाती बंद केली, जुलै 2025 पासून तत्काळला आधार पडताळणी सक्तीची केली आणि पहिला अर्धा तास एजंटांना बंदी घातली. यातून एवढं दिसतं की तिकिटावर नाव आलं की नक्कल थांबते. साठेबाजी थांबवायला मात्र कोण किती आणि कधी घेतो यावरच बंधन लागतं.

परदेशांत पाहायचं तर जपानने ऑलिंपिकच्या तयारीत असताना, जून 2019 पासून, नावानिशी दिलेली तिकिटं छापील किमतीहून जास्त भावाने विकण्याचा धंदा गुन्हा ठरवला. एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा लाख येनपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आयर्लंडने 2021 मध्ये मोठ्या स्थळांपुरता असाच कायदा केला. इंग्लंडचा ग्लास्टनबरी महोत्सव 2007 पासून फोटोसह नोंदणी केलेल्यालाच तिकीट देतो. या सगळ्यांत मला जपानचा मार्ग महाराष्ट्राला जवळचा वाटतो. तो सगळ्या पुनर्विक्रीवर बंदी घालत नाही. आजारी पडलेल्याला आपलं तिकीट मूळ किमतीत दुसऱ्याला देता आलंच पाहिजे. ॲपमध्ये ही सोय असेल तर जुना क्रमांक रद्द होतो, नवा निघतो आणि काळाबाजाराचं अर्धं कारण संपतं.

छोट्या मंडळांनी मात्र या नादात आधार कार्डाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गोळा करू नयेत. दोनशे रुपयांच्या पाससाठी लोकांची ओळखपत्रं एका कार्यकर्त्याच्या फोनमध्ये साठवणं म्हणजे दुसऱ्या फसवणुकीला दार उघडून देणं. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर आता याची जबाबदारीही ठरवली आहे. नाव आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे दारावर पुरतात.

खर्चाचंही थोडं. नाटक, संगीत, नृत्य यांच्या 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, त्यामुळे आपल्याकडचे बहुतेक कार्यक्रम त्यातून सुटतात. ॲपची सुविधा फी मात्र वर लागते. सिनेमाच्या ऑनलाइन तिकिटांवर अशी फी घेऊ नये, असे राज्य सरकारचे 2013 आणि 2014 चे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये रद्द केले. शंभर-दीडशेच्या तिकिटाला ही फी जड जाते, म्हणून मंडळं ॲप टाळतात आणि स्क्रीनशॉटवर येतात. हे टाळणं समजण्यासारखं आहे. पण मग वर लिहिलेली पडताळणी हाताने करण्याची तयारी हवी.

फसवणूक झालीच तर 1930 वर लगेच फोन करावा, जितका लवकर तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. सोबत यूटीआर, समोरच्याचा यूपीआय पत्ता आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट ठेवावेत, काहीही पुसू नये. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीला लागू होतं, ऑनलाइन तोतयेगिरीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 डी. रक्कम दोनशेची आहे म्हणून लोक तक्रार करत नाहीत. दोनशे जणांचे दोनशे म्हणजे चाळीस हजार, आणि तोच माणूस पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावात असतो.

कार्यक्रमाला पोलिसांची परवानगी लागते आणि नवरात्र-गणपतीच्या आधी मंडळांची बैठकही होते. त्या बैठकीत आवाजाची मर्यादा, वेळ, मिरवणुकीचा मार्ग यांवर बोलणं होतं. पेण आणि रोह्याच्या पोलीस ठाण्यांनी सशुल्क कार्यक्रमांच्या परवानगी अर्जात आणखी चार रकाने वाढवावेत: जागेची क्षमता किती, एकूण प्रवेश क्रमांक किती काढले, पैसे कोणत्या खात्यात येणार, आणि दारं किती. कार्यक्रमानंतर आठ दिवसांत प्रत्यक्ष प्रवेशांचा आकडा त्याच अर्जावर लिहून द्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, येत्या नवरात्रापासून सुरू करता येईल.